तात्यासाहेबांचा वेश कसा करायचा? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

या सदरात मी पुस्तकांबद्दलचे सगळे प्रश्न घेते. या वेळची बहुतेक पत्रं मात्र एकाच गोष्टीभोवती फिरत होती: होऊन गेलेल्या लेखकाची आठवण ठेवायची ती कशी? फेब्रुवारी तोंडावर आला की नाशिकमध्ये हे व्हायचंच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. यंदा सातवीतल्या एका मुलाला कुसुमाग्रज करायचं ठरलंय. तो स्टेजवर येऊन 'मी कुसुमाग्रज बोलतोय' असं मनोगत म्हणेल. मनोगत ग्रुपवर कुणीतरी पाठवलं. त्यात 'लाभले आम्हास भाग्य बोलतो मराठी' ही ओळ 'माझी कविता' म्हणून आली आहे. पुढे आणखी एक कविता आहे, ती मला कुठेच सापडत नाही. काय करू? आणि वेश कसा करायचा? — एक शिक्षिका, सातपूर

उत्तर : मॅडम, ते मनोगत आधी बाजूला ठेवा. 'लाभले आम्हास भाग्य' ही कविता सुरेश भटांची. कौशल इनामदारांनी तिला चाल लावली, २०१० साली ती मराठी अभिमानगीत म्हणून लोकांसमोर आली आणि आता २७ फेब्रुवारीला सगळीकडे तीच वाजते. दिवस कुसुमाग्रजांच्या जन्माचा आणि गाणं त्याच दिवशी कानावर पडणारं, त्यामुळे ओळ त्यांच्या नावावर चढली. मुलांचं पाठांतर पक्कं असतं. सातवीत जे तोंडात बसेल ते तो मुलगा पुढे आपल्या मुलांनाही सांगेल. भटांची ओळ भटांकडेच राहायला हवी.

दुसरी कविता तपासणं वाटतं तितकं अवघड नाही. 'विशाखा', 'किनारा', 'मराठी माती', 'स्वगत', 'हिमरेषा', 'वादळवेल', 'छंदोमयी', 'मुक्तायन' हे संग्रह टेबलावर मांडून अनुक्रमणिका चाळायला एक दुपार पुरते. आपल्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे जाऊन मागा. शाळेतली दोन मुलंही बरोबर न्या, शोधायला त्यांना फार आवडतं. आणि शाळेपुरता एक नियम करून टाका: जिच्याखाली संग्रहाचं नाव नाही ती कविता स्टेजवर न्यायची नाही.

आता वेश. जाड चष्मा, पांढरे केस आणि काठी देऊन बारा वर्षांच्या पोराला म्हातारा करून उभं करणं मला मनापासून रुचत नाही. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रज ऊर्फ वि. वा. शिरवाडकरांचा, जन्म १९१२ चा. 'विशाखा' १९४२ साली आला, वि. स. खांडेकरांनी तो प्रसिद्ध केला, तेव्हा कवी जेमतेम तिशीचा होता. 'गर्जा जयजयकार क्रांतिचा' हे तरुणाच्या छातीतून आलेलं आहे. त्याच्याही आधी, १९३२ साली, नाशिकमध्ये कॉलेजात शिकणारा हा मुलगा काळाराम मंदिर सत्याग्रहात सामील झाला होता. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा तो सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. आपल्या भिंतीवरच्या फोटोत मात्र कुसुमाग्रज कायम आजोबाच असतात. तुमच्या मुलाला विशीतला शिरवाडकर करा. साधा सदरा, हातात वही. काळारामाच्या पूर्व दरवाजापर्यंत शाळेची सहल तर जातच असेल, तिथे उभं राहून त्याला आधी हे सांगा. मग त्याला चष्मा लागणार नाही.

वेशाची हौस मोठी असेल तर 'अखेर कमाई' ही कविता घ्या. मध्यरात्री शहरातले पाच पुतळे एका चौथऱ्यावर बसून टिपं गाळतात. फुले म्हणतात, मी शेवटी फक्त माळ्यांचा झालो. शिवाजीराजे, आंबेडकर, टिळक, प्रत्येक जण आपापली जात सांगतो. सगळ्यांत शेवटी गांधी बोलतात: तुमच्यामागे निदान एकेक जमात तरी आहे, माझ्यामागे फक्त सरकारी कचेऱ्यांतल्या भिंती. आपण थोर माणसांचं काय करून ठेवतो हे याहून थेट मराठीत कुणी लिहिलेलं मला माहीत नाही, आणि आपण स्वतः कुसुमाग्रजांचंच तसं करू लागलो असताना ती म्हणणं गरजेचंच आहे. वाचनालयाच्या बालविभागात मुलांकडून ती करून घेतली होती. गांधी एक मुलगी झाली होती. तिचं शेवटचं वाक्य संपलं आणि मागच्या रांगेतले पालक टाळ्या वाजवायचे थांबले, एकमेकांकडे बघू लागले. मुख्याध्यापकांना कविता आधी वाचून दाखवा, म्हणजे ऐन वेळी कुणी बिचकणार नाही.

माझी सगळी नोकरी वाचनालयाच्या देवघेव विभागात गेली, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगते. 'विशाखा'ची एक जुनी प्रत होती. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचे शिक्के. फेब्रुवारी, फेब्रुवारी, मध्येच एखादा जून, पुन्हा फेब्रुवारी. आत 'कोलंबसाचे गर्वगीत' उघडलं की 'किनारा तुला पामराला' या शब्दांखाली पेन्सिलीच्या इतक्या रेघा की कागद तिथे पातळ झालेला. वरची कडवी मात्र कोरी. भाषणाला लागणारी ओळ लोकांनी नेली आणि कविता तिथेच ठेवली. ही ओळ कोण कुणाला म्हणतंय, भर वादळात कोलंबस समुद्राला ऐकवतोय, हे क्लासच्या बॅनरवर ती छापणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं. लेखकाची आठवण म्हणून आपण जे काही करतो त्याला मी एकच प्रश्न विचारते: हे पाहून, ऐकून कुणी पुस्तकापर्यंत गेलं का? तुमच्या कार्यक्रमानंतर एखादं मूल मार्चमध्ये 'विशाखा' मागायला आलं, तर तुमचा गौरव दिन साजरा झाला.

प्रश्न : मी एकांकिका लिहितोय. रात्री तात्यासाहेब लिहीत बसलेत आणि त्यांच्या 'नटसम्राट' नाटकाचे नायक गणपतराव बेलवलकर दार ठोठावतात, 'मला बेघर का केलंत?' म्हणून जाब विचारतात. ग्रुपमधले काही जण म्हणतात की हा अनादर आहे, नाशिकमध्ये तर करूच नको. शिवाय परवानगी लागेल का? — कॉलेजचा विद्यार्थी, सिडको

उत्तर : अनादर मुळीच नाही. नाशिकमध्ये नाही करायचं तर कुठे करायचं?

तात्यासाहेबांनी स्वतः काय केलं ते बघा. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला सर्वस्व वाटून टाकणारा म्हातारा त्यांनी उचलला. त्याचं राज्य काढून घेऊन त्याला रंगभूमी दिली. तीन मुलींच्या जागी एक मुलगा, एक मुलगी दिली. लिअरच्या नाटकात राणी नाही. इथे गणपतरावांच्या शेजारी कावेरी उभी केली. हॅम्लेटचा प्रश्न त्याच्या तोंडी 'जगावं की मरावं' होऊन आला. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी तो उभा केला, २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी. आज 'जगावं की मरावं' म्हटलं की आपल्याला डेन्मार्कचा राजपुत्र आठवत नाही, अप्पासाहेब बेलवलकर आठवतात. शेक्सपिअरला हाताळायला तात्यासाहेब भ्यायले नाहीत. तुम्ही त्यांना हाताळायला का भ्यावं?

नाशिकचंच आणखी एक उदाहरण देते, हे मला फार जवळचं आहे. पु. ल. देशपांड्यांचं 'सुंदर मी होणार' हे १९५८ चं नाटक. त्याच्या मुळाशी रुडॉल्फ बेसिअरचं इंग्रजी नाटक आहे, आणि ते एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग या दोन कवींच्या आयुष्यावरचं. आजारानं खोलीत अडकलेली कवयित्री, तिचा करडा बाप, तिला बाहेर काढणारा कवी. पु. लं.नी त्या इंग्रज कवयित्रीची मराठी संस्थानातली दिदीराजे केली. आणि नाटकाच्या नावातले शब्द? ते आपल्या कवी गोविंदांच्या कवितेतले, 'सुंदर मी होणार'. गोविंद त्र्यंबक दरेकर, नाशिकचे, स्वातंत्र्याच्या पोवाड्यांचे कवी. दोन्ही पायांनी अधू होते. मरणाला सामोरं जाताना लिहिलेले त्यांचे शब्द पाय गेलेल्या एका राजकन्येच्या नाटकावर जाऊन बसले. लंडनमधली कवयित्री आणि नाशिकचा शाहीर एका मराठी नाटकात असे भेटतात! नाटकाचं नाव सगळ्यांना पाठ आहे, गोविंदांचं नाव मात्र आपल्या गावातही सांगावं लागतं. मला याची चुटपुट आहे, म्हणून संधी मिळेल तिथे मी ते सांगते.

आता तुमच्या लिखाणाबद्दल. खऱ्या माणसाला रंगमंचावर आणताना दोन सरळ रस्ते आहेत. नाव बदलायचं आणि मोकळं व्हायचं. वसंत कानेटकरांनी नाशिकमध्ये राहून 'हिमालयाची सावली' लिहिलं तेव्हा हाच रस्ता धरला. महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावरून सुचलेलं ते नाटक १९७२ चं, पण नायकाचं नाव नानासाहेब भानू. नाव बदलल्यामुळेच कानेटकरांना मोठ्या माणसाच्या घरात शिरून बायकोच्या बाजूनं बघता आलं. दुसरा रस्ता म्हणजे नाव खरं ठेवायचं आणि माहितीशी इमान राखायचं. नाव खरं ठेवून वाक्यं मनाची घालणं मला मान्य नाही. तुमच्या तात्यासाहेबांचं एखादं टाळीचं वाक्य उद्या त्यांच्या फोटोखाली छापून येईल, परवा ते सातपूरच्या शाळेतल्या मनोगतात जाईल. म्हणून त्यांना कमी बोलू द्या. जाब विचारणारे बेलवलकर बोलू देत, ते पात्र आहे. तात्यासाहेबांचं उत्तर त्यांच्या छापील लेखनातून घ्या आणि जाहिरातीच्या पत्रकात ते कुठून घेतलं हे लिहा.

मला विचाराल तर दार ठोठावणारी कावेरी असावी. बेलवलकरांना स्वगतं मिळाली, टाळ्या मिळाल्या, तिच्या वाट्याला मरण आलं. तिला विचारण्यासारखं पुष्कळ आहे.

परवानगीचं असं आहे: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. तात्यासाहेब १० मार्च १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. 'नटसम्राट'मधले उतारे आणि पात्रं घेणार असाल तर स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी हक्कधारकांची लेखी परवानगी मिळवा. कुणाच्या चरित्रातल्या घटनांवर मात्र असा हक्क नसतो. म्हणून दुसरा एक विषयही सुचवते. विशीतल्या शिरवाडकरांनी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना' या चित्रपटात लक्ष्मणाची भूमिका केली होती. पंचवटीच्या गावात कॅमेऱ्यासमोर लक्ष्मण होऊन उभा राहिलेला, खिशात कविता असलेला तरुण. त्यावर एकांकिका मी अजून पाहिलेली नाही.

प्रश्न : आपल्या नाट्यगृहाला नाव कालिदासाचं, ज्याचा नाशिकशी संबंध नाही. कुसुमाग्रजांच्या नावाचा तर आकाशात तारा आहे म्हणतात. आमच्या विहितगावचे बाबूराव बागूल मात्र कुणाच्या लक्षात नाहीत. नावं देऊन काही होतं का? — एक ज्येष्ठ वाचक, नाशिक रोड

उत्तर : काका, ताऱ्याचं आधी. खगोलशास्त्रात ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघटनाच ठरवते. खासगी नोंदणीत दिलेलं नाव शास्त्रज्ञ वापरत नाहीत. प्रेमानं केलेली गोष्ट आहे, तेवढीच ती माना.

कालिदासाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. 'मेघदूत' सुरू होतं ते रामगिरीवर, सीतेच्या स्नानानं पवित्र झालेल्या पाण्यापाशी. तो डोंगर रामटेकचा मानतात, नाशिकचा नव्हे, हे खरं. पण त्याच 'मेघदूता'चा मराठी अनुवाद कुसुमाग्रजांनी केला आहे. कलामंदिराच्या आवारात त्या अनुवादातली चार कडवी कुणी लावली तर पाटीवरच्या नावाला गावातला धागा मिळेल.

बागुलांबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, तरी ते कुणाच्याच लक्षात नाहीत असं नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांना २००७ साली मिळाला. मुक्त विद्यापीठ नवोदित कथाकाराला त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. हे चांगलंच आहे. पण 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा संग्रह तुमच्या आळीतल्या किती घरांत आहे? नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो, आणि ती कळल्यावर त्याला मार बसतो. खोली भाड्यानं देताना आडनाव विचारणं आपल्या शहरातून गेलेलं नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत ती कथा मोठ्यानं वाचून बघा. पाऊण तासाच्या आत होते. नंतर चहाला उठायची घाई कुणी करणार नाही.

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलानं 'श्यामची आई' सिनेमा पाहिला आणि म्हणाला, 'साने गुरुजी म्हणजे नुसते रडणारे.' मला वाईट वाटलं, पण उत्तर सुचलं नाही. — एक आई, जेलरोड

उत्तर : ताई, मुलावर रागावू नका. आपण मोठ्यांनीच त्याच्यासमोर गुरुजींचा तेवढाच भाग ठेवला.

आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. वनमाला आई, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला पहिला चित्रपट. तो इतका मनात बसला की गुरुजींची आठवण म्हणजे एक लहान मुलगा आणि त्याचे डोळे, असं होऊन गेलं. पुस्तकात गोष्ट सांगणारा श्याम मोठा आहे. आश्रमातल्या मित्रांना तो रोज रात्री एकेक आठवण सांगतो. आणि पुस्तक लिहिणारा तर सत्याग्रही कैदी होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरून घेतली, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. तुमचा पत्ताच जेलरोडचा आहे. मुलाला हे घरातून सांगता येईल. याच माणसानं १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं आणि ते दार उघडलं. २०२३ मध्ये आलेल्या कृष्णधवल 'श्यामची आई'त तुरुंगातले गुरुजीही पडद्यावर आले आहेत. दोन्ही सिनेमे त्याच्याबरोबर बसून पाहा.

पुस्तक सुरुवातीपासून वाचायला लावू नका. 'श्यामचे पोहणे' हे प्रकरण आधी द्या. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई फटके देऊन विहिरीकडे पिटाळते, आणि नंतर त्याचे वळ पाहून तिलाच भरून येतं. मग 'अळणी भाजी' द्या. नववीतल्या मुलाला करडी आई लगेच ओळखीची वाटते.

प्रश्न : माझ्या आजोबांना वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी पाठ आहेत. पुस्तकात पाहिलं तर त्यांची कडवी वेगळी, क्रमही वेगळा. आम्ही कॉलेजच्या मराठी दिनात एक गाणं घ्या म्हटलं तर 'ते चौदा एप्रिलला' असं उत्तर मिळालं. मी काय करू? — विद्यार्थिनी, सिन्नर तालुका

उत्तर : बाळ, ज्यांनी तसं उत्तर दिलं त्यांना विचार, कवी मराठी होता की नाही? वामनदादा तुझ्याच तालुक्यातल्या देशवंडीचे, १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. अक्षरओळख झाली तीच मोठेपणी, आणि मग जन्मभर गाणी लिहिली, गावोगाव गायली. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' हे गाणं त्यांचं आहे, हे तुमच्या कॉलेजात किती जणांना सांगता येईल? दुसऱ्यावर टीका करण्याआधी आपल्याच माणसांना प्रश्न विचारणारं असं गाणं मराठी दिनाला नाही म्हणायचं तर कधी? चौदा एप्रिलला ते होईलच, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

वामनदादांची आठवण पुतळ्यानं किंवा पाटीनं टिकवलेली नाही, गळ्यांनी टिकवली. त्यांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. जलशात मी पाहिलंय, गाणारा त्या नावावर आला की पेटीवाला क्षणभर हात उचलतो, तेवढे शब्द सुटे ऐकू यावेत म्हणून. समोर बसलेल्या आयाबाया ते नाव गायकाबरोबर म्हणतात. पुस्तक हातात न घेताही कवी कोण हे तिथल्या लहान पोराला ठाऊक असतं. इतकी मोठी दाद मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे.

आजोबांचं कडवं चुकीचं समजून दुरुस्त करायला जाऊ नकोस. त्यांनी जसं ऐकलं तसं जपलंय. फोनवर रेकॉर्ड कर. सुरुवातीला गाव आणि तारीख स्वतःच्या आवाजात सांग. गाणं पूर्ण होऊ दे, मध्ये थांबवू नकोस. मग विचार, हे कुणाकडून शिकलात, कुठल्या जलशात ऐकलंत, तेव्हा पेटीवर कोण होतं. हे सगळं त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ दे. नंतर वहीत डाव्या पानावर आजोबांचा पाठ लिही, उजव्या पानावर पुस्तकातला, आणि पुस्तकाचं नाव, आवृत्ती खाली. दोन्हींत फरक असेल तिथे फक्त खूण कर. एक प्रत जवळच्या वाचनालयात ठेवायला दे. कॉलेजनं पुन्हा नाही म्हटलं तर हीच वही मराठीच्या सरांपुढे ठेव. प्रकल्प म्हणून ती कुणालाही नाकारता येणार नाही, आणि प्रकल्प सादर करताना गाणं म्हणावंच लागतं.

तुझ्या पत्रात आजोबांचं नाव लिहायचं राहिलंय. वहीच्या पहिल्या पानावर ते लिही, वामनदादांच्या नावाखाली, 'म्हणणारे' म्हणून.